पहिली पसंती लिहिण्याआधी: बारावीनंतरच्या कॅप फेऱ्या आणि त्यामागचं गणित

जुलै २०२५चा शेवटचा आठवडा. रात्री साडेनऊला ताईचा फोन आला. "अरे, पोरीचा फॉर्म भरून झालाय. उद्या लॉक करायचाय म्हणतात. तू एकदा नजर टाक ना."

ताई शेलारला राहते. भिवंडीहून वाड्याकडे निघालं की नदीनाक्याच्या पुढचं गाव. दाजींचे भाड्याच्या गाळ्यात सहा लूम आहेत. भाचीने यंदा बारावी सायन्स केली, इंजिनीअरिंगसाठी सीईटी दिली. मी ठाण्यात सॉफ्टवेअर सपोर्टचं काम करतो, त्यामुळे घरात ज्याला ज्याला स्क्रीन आहे ते सगळं 'मामाला विचारा' या खात्यात जमा होतं.

तिने फॉर्मचा फोटो पाठवला. एकूण १२ पर्याय. पहिल्या नंबरला घराजवळच्या एका कॉलेजची सिव्हिल शाखा. मी विचारलं, "तुला सिव्हिल करायचंय?" ती म्हणाली, "नाही मामा, मला कॉम्प्युटर पाहिजे. पण सायबरवाले दादा म्हणाले की हे वर टाक, पक्कं मिळेल."

पक्कं मिळणारच होतं. अडचण तीच होती. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की ती सीट आपोआप 'फ्रीझ' होते. म्हणजे दुसऱ्या दिवशी तो फॉर्म लॉक झाला असता, तर भाचीची चार वर्षं नको असलेल्या शाखेला बांधली गेली असती. तीही पहिल्याच फेरीत, तिच्या स्वतःच्या सहीने.

आता सप्टेंबर उजाडलाय, वर्ग सुरू झालेत. डोकं शांत असताना ही सगळी प्रक्रिया आतून कशी चालते, यंदा त्यात काय बदललं आणि आमचं कुठे बरोबर आलं, कुठे चुकलं, ते लिहून ठेवतोय. पुढच्या वर्षी ज्यांच्या घरात बारावी आहे त्यांनी आताच वाचून ठेवा. निकालानंतर वेळ मिळत नाही.

दोन घड्याळं, एकच मुलगी

यंदा बारावीचा निकाल ५ मे ला लागला. राज्याचा ९१.८८ टक्के, आमच्या मुंबई विभागाचा ९२.९३ टक्के. निकाल लवकर लागला म्हणून सगळे खूश. पण निकाल लागला म्हणजे पुढचं सगळं एकाच वेळी सुरू होतं असं नाही.

मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांची पदवी प्रवेशाची पहिली गुणवत्ता यादी २७ मे ला आली. इंजिनीअरिंगच्या सीईटीचा, म्हणजे पीसीएम गटाचा निकाल आला १६ जूनला. आणि इंजिनीअरिंगच्या कॅप फेऱ्या चालल्या ऑगस्टमध्ये.

म्हणजे बीएस्सी आयटीसारख्या कोर्सची सीट धरायची की नाही, हे सीईटीचा निकाल कळण्याआधीच ठरवावं लागतं. सीट सोडली आणि सीईटीत कमी आले तर हातात काहीच नाही. सीट धरली आणि पुढे इंजिनीअरिंग मिळालं तर भरलेले पैसे आणि जमा केलेले मूळ कागद परत मिळवायचे. ताईने मे महिन्याच्या शेवटी बीएस्सी आयटीची फी भरली. मी तिला 'भर' असंच सांगितलं होतं आणि आजही तेच सांगेन. फक्त ही फी विम्याच्या हप्त्यासारखी समजून भरायची.

त्यात आणखी एक फाटा आहे. बीसीए, बीबीए, बीएमएस या कोर्सना २०२४-२५पासून एआयसीटीईची मान्यता आणि सामायिक सीईटी आली. बऱ्याच कॉलेजांनी मग आपल्या जुन्या कोर्सचं नाव बदलून ते बीकॉमच्या एखाद्या प्रकारात बसवले, त्यांना सीईटी लागत नाही. बीएस्सी आयटी आणि बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सलाही लागत नाही. त्यामुळे 'कॉम्प्युटरचं काहीतरी' करायचं असेल तर आधी बघा की तुमचा कोर्स कुठल्या रांगेत आहे: कॉलेजच्या गुणवत्ता यादीच्या की सीईटी सेलच्या. बीसीएला जायचंय आणि सीईटीच दिलेली नाही, हे निकालानंतर कळून उपयोग नाही.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत

भाचीला सीईटीत ८६.४ पर्सेंटाइल मिळाले. दाजींनी लगेच पेढे आणले. ८६ टक्के म्हणजे डिस्टिंक्शनच ना!

सीईटी अनेक दिवस, अनेक सत्रांत होते. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, कधी सोपा, कधी अवघड. म्हणून गुणांची थेट तुलना करत नाहीत. तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे शंभरात किती, ते मोजतात. तो आकडा म्हणजे पर्सेंटाइल. ८६.४ म्हणजे शंभरात साधारण साडेतेरा जण तुमच्या पुढे.

साडेतेरा हा आकडा लहान वाटतो. पण यंदा पीसीएम गटाची परीक्षा चार लाखांहून जास्त मुलांनी दिली. चार लाख वीस हजार धरले तरी साडेतेरा टक्के म्हणजे सुमारे ५७ हजार मुलं पुढे. दाजींना हे सांगितल्यावर पेढ्याचा घास तोंडातच थांबला. पण हे कळणं गरजेचं होतं. प्रवेशाच्या रांगेत पर्सेंटाइलपेक्षा राज्य गुणवत्ता क्रमांक बघायचा. तुमच्या पुढे किती माणसं उभी आहेत, ते तो सांगतो.

बारावीचे टक्के या रांगेत मोजले जात नाहीत. ते फक्त पात्रतेसाठी लागतात: संबंधित विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के. तेवढे असले की पुढे सीईटी बोलते.

मशीन सीट वाटतं कसं?

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. इथे गैरसमज झाला की फॉर्म चुकतो.

कॅपचं सॉफ्टवेअर गुणवत्ता यादी वरून खाली वाचत जातं. तुमचा नंबर आला की तुमच्या यादीतला पहिला पर्याय बघतं. तुम्हाला लागू असलेल्या जागांपैकी एखादी शिल्लक आहे का? असेल तर दिली. नसेल तर दुसरा पर्याय, मग तिसरा. तुमची पूर्ण यादी संपेपर्यंत ते तुमच्यापाशीच थांबतं. त्यानंतरच तुमच्या मागच्या मुलाकडे जातं.

बहुतेकांना वाटतं की 'मी ठाण्याचं कॉलेज पहिलं टाकलं आणि मिळालं नाही, तर शहापूरचं दुसऱ्या नंबरला टाकल्यामुळे ते मागच्याला जाईल.' असं होत नाही. एक छोटं उदाहरण घ्या.

अ, ब, क अशी तीन मुलं, याच क्रमाने गुणवत्तेत. ठाण्यात एक जागा, शहापूरला एक, मुंबईला एक. ब ला मनातून ठाणं हवंय. पण अ ठाणं घेईल या भीतीने त्याने शहापूर पहिलं टाकलं. प्रत्यक्षात अ ला मुंबई हवी होती, ती त्याने घेतली. आता ब चा नंबर. पहिली पसंती शहापूर, जागा आहे, दिली. मग क चा नंबर, त्याला ठाणं मिळालं. ब पेक्षा कमी गुण असून क ठाण्याला गेला, कारण ब ने ठाणं आधी मागितलंच नाही.

ब ने ठाणं पहिलं टाकलं असतं आणि ते अ ने नेलं असतं, तरी काय बिघडलं असतं? मशीनने तिथल्या तिथे त्याचं शहापूर बघितलं असतं, क चा नंबर यायच्या आधी. म्हणजे वरचं मागितल्याने खालचं हातातून जात नाही.

हे गणित नवीन नाही. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२मध्ये कॉलेज प्रवेशावरच यासंबंधीचा निबंध लिहिला होता. शॅप्ली आणि आल्विन रॉथ यांना २०१२चं अर्थशास्त्राचं नोबेल याच प्रकारच्या कामासाठी मिळालं. आयआयटी-एनआयटीच्या जागा वाटणारी जोसा ही व्यवस्था २०१५पासून चालते, तीही याच कुळातली. सार एवढंच: अशा वाटपात खरी आवड खऱ्या क्रमाने लिहिणं हीच सगळ्यात फायद्याची चाल आहे.

पण हे एकाच फेरीत वाटप होतं तेव्हा पूर्ण खरं. फेऱ्या चार असतील आणि मध्ये फ्रीझचा नियम असेल, तर थोडं सावध राहावं लागतं.

यंदाचा बदल: १, ३, ६

आधी इंजिनीअरिंगच्या तीन कॅप फेऱ्या असायच्या. यंदा चार झाल्या, आणि सक्तीचा नियम वाढला:

पहिली फेरी: पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागणार.
दुसरी फेरी: पहिल्या तीनपैकी कुठलीही मिळाली तर घ्यावीच लागणार.
तिसरी फेरी: पहिल्या सहापैकी कुठलीही मिळाली तर घ्यावीच लागणार.
चौथी फेरी: जे मिळेल ते शेवटचं.

सक्तीची सीट नाकारली तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. सक्तीच्या बाहेरची सीट मिळाली तर दोन रस्ते: 'फ्रीझ' करून तिथेच थांबा किंवा 'बेटरमेंट' घेऊन पुढच्या फेरीत जा. बेटरमेंटमध्ये वरचं मिळालं तर आधीची सीट आपोआप जाते, ती परत मागता येत नाही. वरचं नाही मिळालं तर आधीची तुमच्याकडे राहते. आणि ज्या फेरीत काही मिळालंय तिथे सीट अ‍ॅक्सेप्टन्सची फी भरून ती स्वीकारायला विसरायचं नाही. 'नंतर बघू' म्हणून स्क्रीन बंद केली की सीट गेली.

या नियमामागचा विचार मला पटतो. आधी वरच्या नंबरची मुलं शेवटच्या फेरीपर्यंत सीट अडवून ठेवायची, मग सोडून जायची, आणि जागा रिकाम्या राहायच्या. सक्तीमुळे जागा लवकर पक्क्या होतात.

पण त्याची किंमत कोण मोजतं? ज्याची यादी लहान किंवा घाबरून केलेली आहे तो. १२ पर्यायांची यादी असेल तर तिसऱ्या फेरीत तिचा अर्धा भाग सक्तीचा होतो. ज्याने मनातली मोठी कॉलेजं आधी टाकून मग जमिनीवरची टाकली, त्याला सक्ती फारशी लागत नाही. म्हणजे ज्या घरात माहितगार माणूस आहे तिथे हा नियम सौम्य आहे, आणि सायबर कॅफेवर अवलंबून असलेल्या घरात कडक. नियम सगळ्यांना सारखाच आहे, पण त्याचा भार सारखा पडत नाही.

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशालाही यंदा हेच दिसलं. ही प्रक्रिया पहिल्यांदाच पूर्ण राज्यासाठी झाली. २१ मे ला नोंदणी सुरू व्हायची होती, त्या दिवशी साइटच चालेना, शेवटी २६ मे पासून सुरुवात झाली. तिथेही दहापर्यंत पर्याय आणि पहिली पसंती सक्तीची. शेजारच्या घरातल्या मुलाने दहावीनंतर पहिली पसंती मित्रासाठी म्हणून टाकली, ती मिळाली, आणि मित्र दुसरीकडे गेला.

त्या रात्री आम्ही काय केलं

सगळ्यात आधी लॉगिन करायचं म्हटलं, तर ओटीपी येईना. भाचीला विचारलं, नंबर कुणाचा दिलाय? कॅफेवाल्या दादाचा. ईमेलही त्याचाच. अर्ज भरताना 'ओटीपी पटकन येईल' म्हणून त्याने स्वतःचा नंबर टाकला होता. त्याच्या मनात काही वाईट होतं असं मी म्हणत नाही. दिवसाला पन्नास पोरांचे फॉर्म भरणारा माणूस सोय बघतो. पण त्यामुळे भाचीच्या प्रवेशाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती. सीट स्वीकारणं, बेटरमेंट, लॉक करणं, सगळं त्या ओटीपीवर.

सकाळी ताई स्वतः दुकान उघडायच्या आधी जाऊन बसली. लॉगिन झालं, आम्ही पासवर्ड बदलला आणि नंबर बदलायची कारवाई सुरू केली. तुम्ही कॅफेतून फॉर्म भरला तरी चालेल, सगळ्यांच्या घरी कॉम्प्युटर नसतो. पण मोबाइल नंबर आणि ईमेल मुलाचा किंवा आईवडिलांचा द्या, पासवर्ड वहीत लिहून घरी ठेवा. फॉर्म लॉक करताना मुलगा किंवा मुलगी स्वतः स्क्रीनसमोर हवी.

मग यादी. कॅपमध्ये तीनशेपर्यंत पर्याय टाकता येतात. आम्ही ६४ टाकले. त्यासाठी सीईटी सेलने टाकलेली मागच्या वर्षीची कटऑफची पीडीएफ उघडली. ती बघून कुणीही घाबरतं, पण कोड सोपे आहेत. कोडची सुरुवात 'जी'ने असेल तर सर्वसाधारण जागा, 'एल'ने असेल तर मुलींसाठीची. मधे प्रवर्ग: ओपन, ओबीसी वगैरे. शेवटी 'एच' असेल तर आपल्या विद्यापीठ क्षेत्रातल्यांसाठी, 'ओ' असेल तर बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातल्यांसाठी, 'एस' असेल तर राज्यस्तरावरची जागा. भाची ओबीसी, मुंबई विद्यापीठ क्षेत्रातली मुलगी. म्हणजे तिने चार-पाच रकाने बघायचे. सगळे लोक फक्त खुल्या प्रवर्गाचा आकडा बघून 'आपलं काही होत नाही' म्हणतात, ते चूक.

याशिवाय टीएफडब्ल्यूएस नावाच्या जागा असतात, शिक्षण शुल्क माफ असलेल्या, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असणाऱ्यांसाठी. त्यांचा चॉईस कोड वेगळा असतो. तो वेगळा टाकला नाही तर मशीन स्वतःहून देत नाही.

प्रेडिक्टरवर किती विसंबायचं?

भाचीने दोन 'कॉलेज प्रेडिक्टर' साइट आणि एका एआय चॅटबॉटला विचारून ठेवलं होतं. तिघांची उत्तरं तीन.

बहुतेक प्रेडिक्टर आतून फार काही करत नाहीत. मागच्या वर्षीची तीच पीडीएफ घेतात आणि तुमचा पर्सेंटाइल तिच्याशी जुळवतात. पण कटऑफ हा काही कॉलेजचा नियम नाही. त्या फेरीत सगळ्यात शेवटी ज्याला जागा मिळाली, त्याचा पर्सेंटाइल म्हणजे कटऑफ. जागा वाढल्या, नवीन कॉलेज आलं, मुलांची आवड बदलली की तो हलतो. एआयसीटीईने २०२४-२५पासून चांगल्या संस्थांसाठी प्रवेशक्षमतेची वरची मर्यादा काढली. त्यानंतर कॉम्प्युटर आणि त्याच्या आसपासच्या शाखांच्या जागा वाढल्या. अशा काळात जुना कटऑफ दिशा दाखवतो, पत्ता सांगत नाही.

चॅटबॉटचं तर आणखी अवघड. त्याने एका कॉलेजचा कटऑफ छातीठोकपणे सांगितला, पीडीएफमध्ये तो आकडा कुठेच नव्हता. चॅटबॉटला कोड समजावून सांगायला लावा, नियम मराठीत करून मागा, ते काम तो बरं करतो. आकडा मात्र पीडीएफमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि जी साइट निकाल दाखवण्याआधी मोबाइल नंबर मागते, तिला पैसे त्या नंबरातून मिळतात. भाचीच्या फोनवर आठवडाभर 'डायरेक्ट अ‍ॅडमिशन'चे फोन येत होते.

कागद: इथे सगळ्यात जास्त सीटा जातात

भाचीचं नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र होतं. पण त्याची मुदत ३१ मार्च २०२५ला संपलेली. यंदाच्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६पर्यंत वैध असलेलं हवं. तहसीलला अर्ज करून पावती जोडली. पावतीवर तात्पुरतं चालतं, पण दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर प्रवर्गाचा दावा जातो आणि मुलगी खुल्या रांगेत जाते. प्रमाणपत्र हातात येईपर्यंतचे दिवस दाजींना झोप नव्हती. लूम चालू ठेवून रोज भिवंडीला खेप.

जात वैधतेला तर याहून जास्त वेळ लागतो. ते काम अकरावीतच सुरू करा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर हे एप्रिलमध्ये, निकालाची वाट न बघता. नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटवर, आधारवर आणि जातीच्या दाखल्यावर एकच आहे का, तेही तेव्हाच बघा.

पैशाचं गणित उलटं निघालं

दाजींचं म्हणणं होतं, "बीएस्सी जवळ आहे, स्वस्त आहे. इंजिनीअरिंग आपल्याला झेपणार नाही." त्यांचं चूक नव्हतं, त्यांची माहिती जुनी होती.

८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार, कॅपमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. आधी ती ५० टक्के होती. अर्ज महाडीबीटीवर करायचा. यात मेख दोन. एक, प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर सवलत नाही. म्हणून 'डायरेक्ट अ‍ॅडमिशन'वाल्यांच्या नादी लागलेल्या मुलीचं दुहेरी नुकसान होतं. दोन, डेव्हलपमेंट फी, बस, हॉस्टेल, पुस्तकं यांचा खर्च तुमचाच.

बीएस्सी आयटी बऱ्याच ठिकाणी विनाअनुदानित चालतं आणि ही सवलत त्याला लागू होत नाही. आम्ही कागदावर मांडलं तेव्हा फीपुरतं इंजिनीअरिंग महाग नव्हतं. खरा खर्च होता प्रवासाचा. शेलारहून ठाणं म्हणजे आधी भिवंडी स्टँड, मग पुढची बस किंवा शेअर रिक्षा, आणि मधे अंजूरफाट्याची कोंडी. आसनगाव-शहापूरच्या बाजूला जायचं तर कोनगाव ओलांडून कल्याण आणि तिथून कसारा लोकल. रोजचे किती तास जातात आणि संध्याकाळी मुलगी किती वाजता घरी पोचते, हे ताईसाठी कटऑफपेक्षा मोठं होतं. मी त्यावर वाद घातला नाही. पसंतीक्रमात अंतरही बसतं. भाचीने स्वतः एका लांबच्या कॉलेजचं कॉम्प्युटर खाली आणि ठाण्याच्या बाजूचं ईएक्सटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, वर ठेवलं.

शेवटी काय झालं

पहिल्या फेरीत ३१वा पर्याय मिळाला, बेटरमेंट घेतलं. दुसऱ्या फेरीत ११वा, पुन्हा बेटरमेंट. तिसऱ्या फेरीत ५वा पर्याय: ठाण्याच्या बाजूचं ईएक्सटीसी. पहिल्या सहात असल्यामुळे फ्रीझ.

चौथ्या फेरीचे कटऑफ आल्यावर मी बघितलं. आमच्या यादीतला तिसरा पर्याय, कॉम्प्युटर, भाचीपेक्षा कमी पर्सेंटाइलवर गेला होता. तिसऱ्या फेरीला यादी पुन्हा भरताना मी सहा नंबरांची सक्ती विसरलो नव्हतो, पण दोन अशक्य वाटणारी मोठी कॉलेजं 'उगाच कशाला' म्हणून काढून टाकली होती. ती वर राहिली असती तर ईएक्सटीसी सातव्यावर गेलं असतं, सक्ती लागली नसती आणि चौथी फेरी उघडी राहिली असती. त्या दोन ओळी काढणारा मीच. भाचीला हे मी सांगितलंय. ती म्हणाली, "मामा, सिव्हिलपेक्षा बरंय ना." ती रागावली नाही, पण मला ते लागलं.

म्हणून पुढच्या वर्षीसाठी एवढंच: फॉर्ममध्ये जे खरंच आवडतं ते वर टाका, मिळणार नाही असं वाटलं तरी टाका. त्या ओळींचे पैसे पडत नाहीत. आणि दर फेरीच्या आधी पहिल्या एक, तीन, सहा ओळींवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारा: 'हे मिळालं आणि इथेच थांबावं लागलं, तर चालेल?' नियम दर वर्षी बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका आधी वाचा.

बीएस्सीच्या फीचंही सांगतो. प्रवेश रद्द करायला गेलो तर कॉलेजने आधी मूळ लिव्हिंग सर्टिफिकेट द्यायलाच टाळाटाळ केली. नाव घेत नाही. यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८च्या सूचनेप्रमाणे संस्थेला मूळ कागद अडकवून ठेवता येत नाहीत, आणि फी किती परत मिळेल त्याचे टप्पे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेवरून ठरतात. २०२४-२५ साठी तर यूजीसीने ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कापून परतावा असं सांगितलं होतं. आम्ही लेखी अर्ज दिला, पोच घेतली, सूचनेची प्रत जोडली. सर्टिफिकेट त्याच दिवशी मिळालं. फी थोडी कापून तीन आठवड्यांनी खात्यात आली. तोंडी भांडलो असतो तर अजून खेपा घातल्या असत्या.

सरकारकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. चार फेऱ्या ठेवा, सक्तीही ठेवा. पण फॉर्म लॉक करायच्या बटणावर मराठीत एक ओळ दाखवा: 'या फेरीत तुमच्या यादीतले हे पर्याय मिळाले तर तुम्हाला बदलता येणार नाहीत', आणि खाली त्या कॉलेजांची नावं. मशीनला ही नावं माहीत असतात. ती फॉर्म भरणाऱ्याला दाखवायला दोन दिवसांचं काम आहे. शेलारच्या त्या सायबर कॅफेत १२ ओळींचा फॉर्म भरणाऱ्या पोरीला ती ओळ दिसली असती, तर रात्री साडेनऊला मामाला फोन करायची वेळच आली नसती. आणि ज्यांना असा मामा नाही, त्यांचं तर त्या ओळीवरच सगळं अवलंबून आहे.